शेतावरचे युवा शिबिर: राहणे आणि राबणे यांचा एकच हिशेब

शेतावर भरलेले युवा शिबिर बिघडते ते सहसा शेतात नाही. शेतात काम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते, कोण किती राबले ते दिसते आणि दमल्यावर कौतुकाचे दोन शब्दही मिळतात. बिघाडाची सुरुवात होते ती रात्री साडेनऊच्या सुमारास, खरकट्या भांड्यांच्या ढिगापाशी, जेव्हा काल तिथे उभी असलेली तीन माणसेच आजही तिथे उभी असतात आणि बाकीचे अंगणात गाणी म्हणत बसलेले असतात. मी चालवलेल्या पहिल्या शिबिरात ती तीन माणसे कोण हे मला सहाव्या दिवशी समजले, कारण त्यांच्यापैकी एक मुलगी सामान बांधून निघाली होती. तिने कोणाचीही तक्रार केली नाही. ‘मी शेतीचे काम शिकायला आले होते’ एवढेच ती म्हणाली, आणि त्या सहा दिवसांत तिने खुरपे फक्त दोनदा हातात धरले होते.

तेव्हापासून मी शिबिराची आखणी करताना एक गोष्ट सर्वांत आधी करतो. स्वयंपाक, पाणी भरणे, संडासांची सफाई, भांडी आणि झाडलोट ही जगण्यासाठी लागणारी कामे शेतकामाच्याच वहीत, त्याच मापाने, तासांमध्ये लिहितो. पुढची सगळी मांडणी या हिशेबावर उभी आहे. सोयीसाठी तीस शिबिरार्थी, चार प्रौढ कार्यकर्ते, दहा दिवसांचा मुक्काम आणि प्रत्यक्ष पिकाखाली असलेले शेत असे उदाहरण धरले आहे. संख्या वेगळी असेल तर आकडे बदलतील, रीत बदलणार नाही.

शेतकऱ्याशी आणि गावाशी आधी बोलणे

शिबिराच्या किमान महिनाभर आधी शेतकऱ्याबरोबर संपूर्ण शेत पायी फिरावे आणि फिरता फिरता कामांची यादी करावी. घरी बसून केलेल्या यादीत ‘तण काढणे’ असे लिहिले जाते. बांधावर उभे राहून केलेल्या यादीत ‘विहिरीकडचे चार वाफे, तण बोटभर उंच, माती कडक, आदल्या दिवशी पाणी द्यावे लागेल’ असे लिहिले जाते. दुसऱ्या प्रकारची नोंदच पुढे उपयोगी पडते.

यादीतले प्रत्येक काम तीन प्रश्नांवर घासून पाहावे. हे काम शेतकऱ्याला खरोखर हवे आहे का, की पाहुण्यांना गुंतवून ठेवण्यासाठी सुचवले आहे? ते अर्ध्या तासात शिकवता येते का? आणि नवख्या हाताकडून चुकले तर नुकसान भरून निघण्यासारखे आहे का? तण काढणे, आच्छादन पसरणे, रोपांसाठी पिशव्या भरणे, खताचा ढीग रचणे, चर खणणे, कुंपण दुरुस्त करणे, काढणी झालेल्या मालाची निवड करणे ही कामे या चाळणीतून उतरतात. फळझाडांची छाटणी उतरत नाही, कारण चुकीच्या जागी कापलेल्या फांदीची भरपाई करायला काही हंगाम जावे लागतात. पहिल्या प्रश्नाबाबत शेतकरी भिडेखातर गप्प बसतो, म्हणून तो थोडा आडवळणाने विचारावा: ‘आम्ही आलो नसतो तर या आठवड्यात तुम्ही यातले काय केले असते?’ तरुणांना खोटे काम दुसऱ्याच दिवशी ओळखू येते. दगड इकडून तिकडे नेणारा गट संध्याकाळी भांडतो, आणि तेवढेच दगड बांधात रचणारा गट जेवून गाढ झोपतो.

गावाशी बोलणेही याच टप्प्यावर उरकावे. आंतरराष्ट्रीय श्रमशिबिरांची परंपरा ज्या शिबिरापासून मोजली जाते, ते 1920 साली फ्रान्समधील वर्दँजवळच्या एन या गावात भरले होते. पिएर सेरेझोल या स्विस अभियंत्याच्या पुढाकाराने जमलेले स्वयंसेवक महायुद्धात बेचिराख झालेले गाव पुन्हा उभारण्यासाठी राबत होते आणि त्यांच्यात जर्मनही होते. काम चांगले चालले होते. तरीही जर्मनांविषयीचा तिथला रोष ओसरला नव्हता आणि पुढच्याच वर्षी ते काम सोडावे लागले. आपल्या शिबिरात इतके तीव्र काही नसते, पण रात्री अकराला वाजणारे संगीत, सामाईक पाणवठ्यावरची गर्दी आणि नेहमीच्या मजुरांच्या मनातली ‘आमचे काम जाणार का’ ही शंका एवढ्याने वातावरण बिघडायला पुरेसे होते. त्या मजुरांशी शेतकऱ्याच्या समक्ष बोलावे, आणि शक्य असेल तर त्यांच्यापैकी एकाला मोबदला देऊन शिकवण्याचे काम द्यावे. खुरपे कसे धरायचे हे त्याच्याइतके चांगले आपल्यापैकी कोणालाच येत नसते.

तासांचा हिशेब

तीस जणांनी रोज सहा तास काम करायचे ठरवले तर दिवसाला 180 मनुष्यतास होतात. आता घरकामाकडे पाहू. तीस जणांची न्याहारी आणि दोन वेळचे जेवण शिजवणे, वाढणे, भांडी घासणे यासाठी सहा जण पूर्ण दिवस लागतात. पाणी भरणे व शुद्ध करणे, सरपण किंवा इंधन पाहणे, संडास आणि न्हाणीची सफाई, झाडलोट, अवजारांची मोजणी आणि आजारी माणसाकडे लक्ष देणे यात आणखी सहा जण जातात. म्हणजे बारा माणसे, 72 तास, एकूण श्रमाच्या 40 टक्के. शेतात उरतात अठरा माणसे आणि 108 तास.

हा आकडा प्रथम पाहणाऱ्या आयोजकाला तो फुगवलेला वाटतो आणि तो स्वयंपाकाला तीन माणसे पुरतील असे म्हणतो. पुरतातही, पण ती तीन माणसे सहा नव्हे तर बारा तास राबतात आणि ते तास कोणत्याच वहीत येत नाहीत. काम कमी झालेले नसते, फक्त दिसेनासे झालेले असते.

दहा दिवसांपैकी पहिला दिवस येण्यात आणि रुळण्यात जातो, शेवटचा आवराआवरीत, आणि मध्ये एक दिवस सुटी दिलीच पाहिजे. उरलेल्या सात दिवसांत शेताला 756 तास मिळतात. नवखा माणूस सरावलेल्या माणसाच्या निम्म्या वेगाने काम करतो असे धरले, तर सरावलेल्या हातांचे 378 तास, म्हणजे आठ तासांच्या दिवसाने साधारण 47 मजूरदिवस. ‘तीस तरुण दहा दिवस’ हे शब्द ऐकल्यावर शेतकऱ्याच्या मनात 300 मजूरदिवस उभे राहतात. 47 हा आकडा त्याला पहिल्या भेटीतच सांगावा. तो हसेल आणि कदाचित नाराजही होईल, पण सातव्या दिवशी नाराज होण्यापेक्षा ते बरे.

कोणत्या कामाला किती तास लागतील हे ठरवण्यासाठी फिरतीच्या दिवशीच स्वतः वीस मिनिटे ते काम करून पाहावे. आपण वीस मिनिटांत सरीचे किती मीटर निंदले ते मोजावे, आकडा निम्मा करावा आणि त्यावर वाफ्यांचा हिशेब मांडावा. याशिवाय दोन दिवस पुरतील इतकी छपराखालची कामे राखून ठेवावीत, कारण पाऊस सांगून येत नाही.

गट आणि पाळ्या

सहा जणांचा एक असे पाच गट करावेत. दररोज एक गट स्वयंपाकघरात, एक गट निवासाच्या कामांवर आणि तीन गट शेतात, अशी विभागणी केली की वर काढलेला बारा आणि अठराचा हिशेब बरोबर बसतो. पाळी एका दिवसाची न ठेवता सलग दोन दिवसांची ठेवावी, कारण पहिल्या दिवशी गट पातेली शोधण्यातच दमतो आणि चांगले जेवण दुसऱ्या दिवशी मिळते. स्वयंपाकाचा क्रम अ, ब, क, ड, इ असा लावला आणि निवासाच्या कामांचा क्रम क, ड, इ, अ, ब असा लावला, तर दहा दिवसांत प्रत्येक गटाच्या वाट्याला स्वयंपाकाचे दोन, निवासाचे दोन आणि शेतीचे सहा दिवस येतात, आणि कोणत्याही गटाला सलग चार दिवस शेतापासून दूर राहावे लागत नाही. हा तक्ता मोठ्या कागदावर लिहून जेवणाच्या जागी लावावा. पहिल्या दोन दिवसांच्या स्वयंपाकगटाबरोबर मात्र मोठ्या प्रमाणावर रांधलेले एक तरी प्रौढ माणूस पूर्ण वेळ असले पाहिजे.

गट आयोजकांनीच पाडावेत. ‘आपापले गट करा’ म्हटले की पाच मिनिटांत चार घट्ट गट तयार होतात आणि ज्यांना कोणी निवडले नाही त्यांचा पाचवा. मित्रमंडळी वेगवेगळी करावीत. मात्र एखादे मूल पहिल्यांदाच घराबाहेर राहत असेल तर त्याच्या ओळखीचे एक माणूस त्याच्या गटात राहू द्यावे. प्रत्येक गटात मुलगे आणि मुली, सरावलेले आणि नवखे असे मिश्रण असावे. गटाने गटातल्या गटात कामे वाटून घेताना चूल पुन्हा मुलींकडे आणि ओझी पुन्हा मुलांकडे सरकू लागतात, म्हणून पाळीच्या दुसऱ्या दिवशी आतली कामे सक्तीने बदलावीत. शारीरिक अडचण असलेल्या शिबिरार्थीसाठी पाळीतून सूट शोधू नये, काम शोधावे. बसून करता येण्यासारखी आणि शिबिराला खरोखर लागणारी कामे प्रत्येक विभागात असतात.

कार्यकर्त्यांची नावेही याच तक्त्यात असावीत. संडास सफाईच्या पहिल्या दिवशी शिबिरप्रमुखाच्या हातात ब्रश दिसला, तर त्या विषयावर पुढे फारसे बोलावे लागत नाही.

पाणी, संडास, झोपण्याची जागा

आपत्तीग्रस्तांच्या छावण्यांसाठी जगभर धरले जाणारे किमान प्रमाण माणशी दिवसाला 15 लिटर पाणी असे आहे. मातीत राबून आलेल्या तरुणांना ते पुरत नाही. आंघोळ आणि कपडे धरून माणशी 40 लिटर, म्हणजे चौतीस जणांसाठी रोज सुमारे 1400 लिटर इतकी सोय असल्याची खात्री करावी. आणि ते पाणी पिकाच्या पाळीतून कापले जाणार नाही, हे शेतकऱ्याला विचारून घ्यावे. पिण्याचे पाणी वेगळ्या, झाकण आणि तोटी असलेल्या पिंपात ठेवावे. क्लोरीन वापरत असल्यास ते मिसळून 30 मिनिटे थांबल्यावर पाण्यात लिटरमागे किमान 0.5 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरले पाहिजे. साध्या तपासणी संचाने हे रंगावरून कळते. पाणी गढूळ असेल तर आधी निवळून गाळून घ्यावे, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जाते.

संडासांचे किमान प्रमाण वीस माणसांमागे एक असे मानले जाते. पण शिबिरात सगळे एकाच वेळी उठतात, म्हणून दहा जणांमागे एक धरावा. खड्ड्याचे तात्पुरते संडास करायचे असतील तर ते विहीर किंवा अन्य जलस्रोतापासून किमान 30 मीटर दूर असावेत आणि खड्ड्याचा तळ भूजलाच्या पातळीच्या किमान दीड मीटर वर असावा. मुलामुलींचे संडास वेगळे, आतून कडी लागणारे आणि रात्री उजेड असलेले हवेत. मुलींच्या संडासात झाकणाची कचरापेटी ठेवावी आणि ती रोज कोण रिकामी करणार हे तक्त्यात लिहावे. हात धुण्यासाठी साबण आणि पाणी संडासाबाहेर आणि स्वयंपाकघराच्या दारात, अशा दोन्ही ठिकाणी असावे.

झोपण्यासाठी माणशी साडेतीन चौरस मीटर जागा धरल्यास तीस जणांना 105 चौरस मीटर लागतात. निजण्याच्या जागा मुलामुलींसाठी वेगळ्या असाव्यात. कीटकनाशके, इंधन किंवा खताच्या गोण्या असलेल्या गोदामात, कितीही प्रशस्त असले तरी, कोणालाही झोपवू नये. रात्री दहानंतर शांतता हा नियम चर्चेला ठेवू नये. पहाटे काम आहे आणि अपुऱ्या झोपेचे परिणाम कुदळीवर दिसतात.

अठरा वर्षांखालील शिबिरार्थी असतील तर पालकांची लेखी संमती, आजारांची व औषधांची माहिती आणि संपर्क क्रमांक आधी घ्यावेत. कोणत्याही प्रौढाने एकट्या मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर बंद जागेत राहू नये, हा नियम कार्यकर्त्यांनी स्वतःला लावून घ्यावा आणि मुलांना सांगून टाकावा. तक्रार कोणाकडे करायची त्या दोन व्यक्तींची नावे, एक स्त्री आणि एक पुरुष, पहिल्याच संध्याकाळी जाहीर करावीत.

स्वयंपाकघर

स्वयंपाकगटाचा दिवस इतरांच्या दीड तास आधी सुरू होतो, म्हणून त्यांना दुपारी तेवढी जास्त विश्रांती मिळाली पाहिजे. हे तक्त्यात लिहिले नाही तर मिळत नाही. वाढप सुरू होण्याआधी स्वयंपाकगटाच्या सहा जणांचे जेवण बाजूला काढून झाकून ठेवण्याची पद्धत मी सक्तीची केली आहे. शेवटी जेवायला बसणाऱ्याच्या वाट्याला पातेल्याचा तळ येतो आणि त्या तळातूनच पुढची कुरबुर जन्म घेते.

शिजवलेले अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानाच्या पट्ट्यात फार वेळ राहिले की त्यातले जंतू झपाट्याने वाढतात. शिबिरात शीतपेटी सहसा नसते, तेव्हा दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिलेले अन्न पुढच्या जेवणाला काढायचे नाही, एवढा एकच सरळ नियम ठेवावा. याचा अर्थ अंदाज अचूक हवा. पहिल्या दोन दिवसांत किती धान्य शिजवले आणि किती उरले हे वजनासह वहीत लिहिले, तर तिसऱ्या दिवसापासून उरणे जवळजवळ थांबते. ज्याला जुलाब किंवा उलट्या झाल्या आहेत, त्याने त्या थांबल्यानंतर 48 तास उलटल्याशिवाय अन्नाला हात लावू नये. कोणाला काय चालत नाही याची यादी चुलीसमोरच्या भिंतीवर लावावी. गटप्रमुखाच्या खिशातल्या यादीचा काही उपयोग नसतो.

भांड्यांसाठी तीन टबांची ओळ लावावी. पहिल्या टबापूर्वी खरकटे काढायची बादली, पहिल्यात साबणाचे गरम पाणी, दुसऱ्यात स्वच्छ पाणी, तिसऱ्यात जंतुनाशक द्रावण किंवा अतिशय गरम पाणी, आणि त्यापुढे भांडी उपडी घालून निथळायला फळी. फडक्याने पुसू नयेत, कारण तिसऱ्या भांड्यापाशी ते फडके भांड्यापेक्षा मळलेले असते. प्रत्येकाने आपले ताट, वाटी, पेला स्वतः या ओळीतून काढावा. स्वयंपाकगटाकडे फक्त मोठी पातेली राहावीत. एवढ्या एका बदलाने रात्रीचे काम दीड तासावरून पाऊण तासावर आलेले मी पाहिले आहे.

शेतातले काम

काम पहाटे उजाडताच सुरू करून ऊन चढण्याआधी चार तास उरकावेत आणि उरलेले दोन तास दुपार ढळल्यावर ठेवावेत. उन्हाची सवय नसलेल्या माणसाबाबत कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या संस्था असे सुचवतात की, पहिल्या दिवशी त्याने पूर्ण कामाच्या 20 टक्के वेळच उन्हात राबावे आणि मग रोज फार तर 20 टक्क्यांनी वेळ वाढवावा. सहा तासांच्या दिवसात पहिल्या दिवशी हे जेमतेम सव्वा तास होते. म्हणून पिशव्या भरणे, माल निवडणे यांसारखी सावलीतली कामे पहिल्या चार दिवसांवर टाकावीत आणि उघड्यावरची जड कामे पाचव्या दिवसानंतर घ्यावीत. उन्हात काम चालू असताना दर 15 ते 20 मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. तहान लागण्याची वाट पाहू नये. पाण्याचे भांडे बांधावर नव्हे, काम चालू असलेल्या सरीच्या टोकाशी हवे. लांब असलेले पाणी कोणी पीत नाही.

नवे काम शिकवताना आधी पूर्ण काम नेहमीच्या वेगाने करून दाखवावे, मग सावकाश, मग शिकणाऱ्याने करून दाखवावे. कुदळ हाती देण्यापूर्वी दांडा पात्यात घट्ट आहे ना हे दांडा उलटा आपटून बघायला शिकवावे. खणणाऱ्या दोघांमध्ये दोन दांड्यांइतके अंतर असावे आणि अवजार जमिनीवर टेकवताना पाते खाली करून टेकवावे. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने काम थांबवून सगळ्यांचे तळहात पाहावेत. लाल झालेल्या जागी तेव्हाच पट्टी लावली तर फोड येत नाही. तासाभराने लावली तर माणूस दोन दिवस कामातून जातो.

एका शिबिरात एक मुलगा तणणीच्या वेळी सारखा कुठेतरी नाहीसा होत असे. कधी पाणी आणायला, कधी चप्पल शोधायला, आणि गटाने त्याला कामचुकार ठरवून टाकले होते. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसून निंदू लागलो तेव्हा लक्षात आले की तो प्रत्येक रोपापाशी थबकत होता आणि माझा हात कुठे जातो ते पाहून मगच उपटत होता. कोवळे पीक आणि कोवळे तण यांतला फरक त्याला कळत नव्हता, पहिल्या दिवशी तो समजावला गेला तेव्हा तो मागे उभा होता, आणि नंतर विचारायची लाज वाटली. त्या दिवसापासून मी प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी एक ओली फळी ठेवतो. तिच्यावर डावीकडे पिकाचे एक रोप आणि उजवीकडे त्या वाफ्यातल्या तणांचे तीन-चार नमुने, मुळांसकट. कोणाला विचारावे लागत नाही, येता-जाता नजर टाकली की पुरते. काम टाळणाऱ्याला आळशी म्हणण्यापूर्वी तो आजारी आहे का, त्याचे बूट चावतात का आणि त्याला काम समजले आहे का, एवढे पाहून घ्यावे.

काही गोष्टी शिबिरार्थींना करू द्यायच्याच नाहीत, मग त्यांनी कितीही आग्रह धरला तरी. शेतीतील सुरक्षितता व आरोग्य यांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2001 सालचा करार धोकादायक शेतीकामासाठी किमान वय 18 ठरवतो, आणि शिबिरातल्या नवख्या अठरा-वीस वर्षांच्या मुलांनाही तीच सावधगिरी लागू करणे शहाणपणाचे आहे. ट्रॅक्टरवर एक आसन असते, म्हणून त्यावर एकच माणूस बसेल. ट्रॅक्टरमागचा फिरता दांडा मिनिटाला 540 फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे घेतो; ओढणी किंवा सैल बाही त्यात अडकल्यावर हात मागे घेण्याइतका वेळ उरत नाही. फवारणी केलेल्या शेतात औषधाच्या वेष्टनावर दिलेला प्रवेशबंदीचा काळ संपेपर्यंत कोणाला नेऊ नये. शेणाच्या बंद टाकीत कोणीही, काही पडले तरी, उतरू नये. तिथला हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, त्यामुळे वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असे होत नाही, आणि वाचवायला उतरलेला माणूसही आतच राहतो. विहीर आणि शेततळे यांच्याभोवती पहिल्याच दिवशी दोरी बांधावी. पोहण्याला परवानगी नाही हे सांगताना कारणही सांगावे. शेततळ्याच्या आतल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही, त्यामुळे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही.

संध्याकाळी अवजारे मोजून ठेवावीत. फळीवर प्रत्येक अवजाराची बाह्यरेषा रंगवली असेल तर मोजावेही लागत नाही. गवतात राहिलेला विळा फळीवरची रिकामी रेषा सांगते.

आजारपण आणि अपघात

जवळच्या रुग्णालयाचे अंतर आधी स्वतः वाहनाने जाऊन मिनिटांत मोजावे. दहाही दिवस चोवीस तास एक वाहन आणि ते चालवू शकणारी दोन माणसे शेतावर असावीत. शेतापर्यंत कसे यायचे हे चार ओळींत लिहून प्रथमोपचार पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावे, कारण घाईत फोनवर रस्ता सांगता येत नाही. धनुर्वाताची लस झाली आहे की नाही हे नावनोंदणीच्या वेळीच विचारावे.

जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजत राहावे. उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा झोकांड्या देऊ लागला तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत आणून अंगावर भरपूर पाणी ओतत आणि वारा घालत थंड करावे आणि त्याच वेळी रुग्णालयाशी संपर्क साधावा. शुद्ध हरपलेल्याला पाणी पाजू नये. साप चावल्यास आवळपट्टी, चिरा, चोखणे यांतले काहीही करू नये. अंगठ्या व घट्ट वस्तू काढाव्यात, तो अवयव हलू न देता माणसाला उचलून थेट रुग्णालयात न्यावे. कुत्रा किंवा अन्य प्राणी चावल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि लशीसाठी त्याच दिवशी न्यावे.

संध्याकाळची बैठक आणि भांडणे

रोजची बैठक जेवणाआधी घ्यावी. जेवणानंतर घेतली तर निम्मे पेंगतात आणि उरलेले निम्मे लांबवतात. जेवणाआधीची बैठक आपोआप अर्ध्या तासात आटोपते. उद्या कोणता गट कुठे आहे, आज काय अडले आणि कोणती वस्तू हरवली वा मोडली, एवढेच विषय पुरतात. पहिल्या बैठकीत शिबिरार्थींनाच नियम करू द्यावेत, पण सुरक्षिततेचे नियम त्यांच्यासमोर मतासाठी मांडू नयेत. दोन्ही प्रकारच्या नियमांची सरमिसळ झाली की एखादा हुशार मुलगा विहिरीवरची दोरीही मतदानाने सोडवू पाहतो.

बैठकीत वस्तूंविषयी आणि कामांविषयी बोलावे, माणसांविषयी नाही. ‘न्हाणीत काल कोणी झाडले नव्हते’ हे बैठकीत बोलता येते. ‘अमुक एक जण कधीच झाडत नाही’ हे गटप्रमुखाने त्याच्याशी एकट्याशी, शक्यतो चालता चालता बोलावे. समोरासमोर बसवून घेतलेल्या झाडाझडतीपेक्षा बरोबर पाणी भरताना झालेले बोलणे अधिक खरे असते. भांडण झालेल्या दोघांना लगेच हस्तांदोलन करायला लावू नये. त्यांना एक दिवस वेगळी कामे द्यावीत आणि दुसऱ्या दिवशी दोन माणसे लागतातच असे एखादे काम द्यावे. मोठे पातेले उचलून नेणे हे त्यासाठी फार चांगले. मात्र मारहाण, छेडछाड, चोरी किंवा नशा यांपैकी काही घडले तर ते भांडण नव्हे. तिथे समेट घडवत बसू नये. आधी ज्याला त्रास झाला त्याला सुरक्षित करावे, पालकांना कळवावे, आणि ज्याने केले त्याला त्याच दिवशी जबाबदार माणसाबरोबर शिबिरातून परत पाठवावे. तक्रार पोलिसांत देण्यासारखी असेल तर शिबिराच्या नावाला जपण्यासाठी ती दडपू नये.

मधला सुटीचा दिवस पाचवा किंवा सहावा असावा. त्याच सुमारास सगळ्यांची चिडचिड वाढते, कारण थकवा साचलेला असतो आणि नवेपण संपलेले असते. त्या दिवशी शेतकाम पूर्ण बंद ठेवावे. स्वयंपाक बंद ठेवता येत नाही, म्हणून तो कार्यकर्त्यांनी करावा.

शेवटचे दोन दिवस

नवव्या दिवशी नवे काम सुरू करू नये. अर्धवट खणलेला चर शेतकऱ्याच्या काही उपयोगाचा नसतो, उलट त्यात जनावर पडण्याची भीती असते. हाती असलेली कामे पुरी करून सगळ्यांना घेऊन शेतकऱ्याबरोबर शेतातून एक फेरी मारावी आणि जे नीट झाले नाही तेही त्याला मोकळेपणाने दाखवायला सांगावे. निंदताना उपटली गेलेली रोपे, वाकडा गेलेला बांध, सगळे.

दहाव्या दिवशी तात्पुरते संडास चुना आणि मातीने बुजवून त्या जागी खूण रोवावी. खरकट्याचा खड्डा झाकावा, न कुजणारा कचरा बरोबर न्यावा, उसनी भांडी ज्याची त्याला मोजून परत करावीत आणि मोडलेल्या अवजारांचे पैसे निघण्यापूर्वी चुकते करावेत. तासांची वही मात्र शेतावरच ठेवावी. कोणत्या वाफ्याला किती माणसे किती वेळ लागली, चौतीस जणांना एका वेळी किती किलो धान्य पुरले, कोणत्या दिवशी पाणी कमी पडले, हे सगळे तिच्यात असते. आणि पुढच्या वर्षी येणारे आयोजक बहुधा दुसरेच असतात.